टिटलिसवार

पुण्या-मुंबईकडे गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार होतं. आमच्याकडे चांदा-गडचिरोलीच्या बाजूला 'वार' लावायची रीत आहे. आमच्या कॉलनीतल्या भाऊसाहेबांचं मूळ आडनाव या दोन्हींत बसत नाही, आणि ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. प्रतापनगरच्या चौकापासून अंबाझरी तलावापर्यंत लोक त्यांना टिटलिसवार म्हणतात. ही पदवी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगरावर जाऊन, स्वखर्चाने, बारा दिवसांच्या युरोप टूरमधल्या आठव्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मिळवली आणि त्यानंतर एकदाही खाली ठेवली नाही.

टिटलिसवार हा एक माणूस नाही, प्रकार आहे. शोधलंत तर लक्ष्मीनगरात युंगफ्राउवाले काकाजी सापडतील, रामदासपेठेत शामोनीवाले. ओळखायची खूण सोपी आहे. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, कूलर नुसता गरम वाफ फेकतोय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा दुपारी आमरसाची वाटी बाजूला सारून जो माणूस "उणे चारमध्ये नाकाचं काय होतं, कल्पना आहे का तुम्हाला?" असं विचारतो, तो टिटलिसवार. आपल्याला कल्पना नसते. आपल्याला हवीही नसते. पण त्या दुपारी बाहेर पडायची सोय नसल्यामुळे आपण ऐकतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. स्लाइड शो ते मे महिन्यातच ठेवतात.

वास्तविक भाऊसाहेबांचं आणि चढणाचं कधी पटलेलं नाही. सरकारी खात्यात असताना ज्या दिवशी लिफ्ट बंद, त्या दिवशी ते खालच्या आवक-जावक शाखेत खुर्ची टाकून बसत आणि फाइली वरून खाली येत. रामटेकला गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत ते जातात. उरलेल्या पायऱ्यांना खालूनच हात जोडतात आणि कालिदासानेसुद्धा ढगाला पाठवलं होतं, स्वतः कुठे गेला, असं म्हणतात. टेकडी गणपतीच्या नावातच टेकडी असल्यामुळे त्यांचे सगळे नवस सपाटीवरच्या गणपतीला. सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरणाऱ्यांबद्दल त्यांना मनापासून कणव वाटते. "गुडघे घासून घेऊन राहिले बिचारे." टिटलिसच्या आधीचा त्यांचा विक्रम धूपगडचा. पचमढीजवळचा, सातपुड्यातला सगळ्यात उंच माथा, १,३५२ मीटर. तो त्यांनी जिप्सीत बसून गाठला, आणि ड्रायव्हर शेवटच्या वळणावर थांबू या म्हणाला तर त्याला दोन गोष्टी ऐकवल्या.

अशा माणसाने "मी टिटलिस सर केलं" म्हणावं, यात मला खोटेपणा दिसत नाही. त्यांची तशी श्रद्धाच आहे.

तयारी मात्र त्यांनी गिर्यारोहकाला लाजवील अशी केली. नागपुरात हिवाळा आला की तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. तिथून दोन स्वेटर, एक कानटोपी, लोकरी हातमोजे. कानटोपी घालून बघायची तर मार्चमध्ये, कारण टूर मेमध्ये. तेव्हा एका संध्याकाळी सगळा सरंजाम चढवून ते एसीसमोर अर्धा तास बसले. वहिनींनी दार उघडलं तर आत भाऊसाहेब घामाने निथळत होते आणि "सवय करून राहिलो" म्हणत होते. बॅगेत कपडे एक थर, त्यावर चिवडा, शेव, शंकरपाळे, संत्रा बर्फीचे चार डबे आणि लसणाची चटणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. चटणीच्या वासाने विमानतळावर काही घडलं असावं, पण तो अध्याय ते गाळतात.

आता प्रत्यक्ष आरोहण. निवृत्तीनंतर टीव्हीवर एव्हरेस्टच्या मोहिमा बघून बघून भाऊसाहेबांची भाषा त्या वळणाची झाली आहे. त्यामुळे त्यांच्या कथनात एंगेलबर्ग हा बेस कॅम्प. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचावर आहे, ११२० साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन पंथाचा मठ तिथे आजही उभा आहे, भोवती हिरवी कुरणं आहेत. भाऊसाहेबांना बेस कॅम्पवरचं फक्त स्वच्छतागृह आठवतं, कारण टूर मॅनेजरने "आता एकदम वर गेल्यावर" असं बजावलं होतं आणि चाळीस माणसांची रांग लागली होती.

बेस कॅम्पवरून लहान डब्यात बसायचं. आठ माणसांचा डबा, दार आपोआप लागतं. कॅम्प एक म्हणजे ट्रुबझे, १,८०० मीटरच्या आसपास. इथे डब्यातून उतरावंही लागत नाही, डबा स्टेशनातून हळूच सरकतो आणि पुढे निघतो. भाऊसाहेबांनी कॅम्प एक बसल्या जागेवरून, चिवडा खात पार केला. कॅम्प दोन म्हणजे श्टांड, २,४२८ मीटर. इथे उतरून मोठ्या केबल कारमध्ये जायचं, आणि इथून सुरू होतो तो, भाऊसाहेबांच्या शब्दांत, 'समिट पुश'. पाच मिनिटांचा.

या मोठ्या गाडीचं नाव रोटेअर. १९९२ साली सुरू झाली. जगातली पहिली फिरती केबल कार म्हणून तिची ख्याती. वर जाता जाता ती स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. म्हणजे जो धक्के देऊन पुढे घुसला आणि जो "आधी तुम्ही" म्हणत मागे राहिला, त्या दोघांनाही हिमनदी, कडे, दरी सगळं सारखंच दिसतं. स्विस माणसाने ही सोय कुणासाठी केली असेल ते असो. भाऊसाहेबांना ती ठाऊक नव्हती. चाळीस वर्षांच्या विदर्भ एक्स्प्रेसच्या अनुभवावर ते दार उघडताच शिरले, काचेजवळची जागा धरली आणि वहिनींसाठी शेजारी रुमाल टाकला. बसायला बाक नाहीत, सगळे उभेच असतात, तरी टाकला. एका जपानी बाईने तो उचलून, झटकून, वाकून परत दिला. मग गाडी फिरू लागली. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा धरून ठेवलेला देखावा पलीकडच्या घोळक्यासमोर गेलेला होता. "जागा माझी होती," ते अजून सांगतात.

त्यांच्या ग्रुपमध्ये एक अमरावतीचे इंजिनिअर होते. त्यांनी गाडीतच समजावून सांगितलं की अशा केबल कारला दोन डबे असतात, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. जाड दोर नुसता वजन पेलतो, ओढायचं काम दुसरा दोर करतो, आणि खाली उतरणाऱ्या डब्याचं वजन वर जाणाऱ्याला उचलायला मदत करतं. त्यामुळे मोटरवरचा भार हलका होतो. भाऊसाहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ते जे खाली चाललेत, ते मला वर ओढून राहिले?" इंजिनिअर म्हणाले, एका अर्थाने हो. हा तपशील भाऊसाहेबांच्या जाहीर कथनात येत नाही. मला तो वहिनींकडून कळला.

खरं तर टिटलिसची विश्वसनीय हकीकत वहिनींकडेच आहे. पण त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर त्या "छान होतं बाई, थंडी होती" एवढंच सांगून पोळ्या लाटायला जातात.

वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. धडधाकट माणसालाही जिना भरभर चढला तर दोन क्षण थांबावंसं वाटतं. भाऊसाहेब गाडीतून उतरून वीसेक पावलं चालले आणि बसले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते 'अॅक्लमटाइझ' होत होते. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे "यांना गरगरलं, मी आलेपाकाची वडी दिली". चहा घेतला, तो त्यांना कोमट लागला. पुन्हा इंजिनिअर धावून आले: इतक्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, शंभराला पोचतच नाही, चहा कितीही उकळा, कडक व्हायचा नाही. यावर भाऊसाहेबांचं उत्तर मला मान्य आहे. ते म्हणाले, "नव्वद अंशांचे पैसे घ्या मग. शंभराचे काऊन घेऊन राहिले?"

अंगावर दोन स्वेटर, वर रेनकोट, कानटोपी, तिच्यावर मफलर, असे बर्फात पाय टाकतात तर शेजारून सत्तरीची एक स्विस आजी साध्या शर्टात, पायांना स्की लावून, भुर्रकन खाली निघून गेली. भाऊसाहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही असं ते म्हणतात. फोटोत मात्र ते तिच्याकडेच बघताना दिसतात, आणि तोंड उघडं आहे.

तिथे 'क्लिफ वॉक' नावाचा झुलता पूल आहे. डिसेंबर २०१२मध्ये खुला झाला. लांबी शंभर मीटर, रुंदी एक मीटर, आणि खाली पाचशे मीटर काही नाही. वहिनी गेल्या आणि आल्या. मग एका गुजराती बाईला सोबत हवी होती म्हणून परत गेल्या आणि आल्या. भाऊसाहेब पहिल्या खांबाला धरून उभे राहिले, कारण फोटो काढायला कुणीतरी काठावर लागतं. त्यामुळे झालंय असं की त्या पुलाचे तेवीस फोटो अल्बममध्ये आहेत आणि तेवीसही वहिनींचे. पाहुण्यांपैकी कुणी आगाऊपणाने "भाऊसाहेब, तुम्ही?" म्हटलं तर ते गंभीर होतात. "मोहिमेत एक जण दोर सांभाळायला मागे राहतो."

दिवाणखान्यातला मोठा फोटो मात्र त्यांचा स्वतःचा. टिटलिसवर 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधल्या शाहरुख-काजोलची पुठ्ठ्याची जोडी उभी केलेली आहे. १९९५च्या त्या सिनेमाने भारतीय माणसाला स्वित्झर्लंडचा रस्ता दाखवला, आणि स्विस लोक हिशेबाला पक्के असल्यामुळे ते उपकार विसरलेले नाहीत. आल्प्सच्या माथ्यावर, चहूकडे हजारो वर्षांचा बर्फ पसरलेला असताना, आपली माणसं पुठ्ठ्यासमोर रांग लावतात. भाऊसाहेब बरोबर मध्ये उभे राहिले. काजोल पूर्ण झाकली गेली. शाहरुखने हात पसरले आहेत ते भाऊसाहेबांसाठीच, असं नवखा पाहुणा समजतो.

इतकी वर्षं हे असंच सुखाने चाललं असतं. पण आमच्या कॉलनीत भूगोलाचे एक निवृत्त गुरुजी राहतात. एका मे महिन्यात तेही स्लाइड शोला आले. कूलरसमोरची खुर्ची मिळेना म्हणून आधीच नाराज होते. "आणि हे दहा हजार फुटांवरचं शिखर!" असं भाऊसाहेब म्हणाले तेव्हा गुरुजींनी चष्मा पुसला.

"टिटलिसची उंची ३,२३८ मीटर. म्हणजे १०,६२३ फूट."

"बघा! मी कमीच सांगून राहिलो होतो," भाऊसाहेब खुलले.

"केबल कार थांबते ती ३,०२०वर. त्या जागेला क्लाइन टिटलिस म्हणतात. खरा माथा तिथून वर, २१८ मीटर. तिथे बर्फातून, कड्यावरून पायी जावं लागतं. १७४४ साली एंगेलबर्गची चार माणसं गेली होती, तेव्हा दोर नव्हता, डबा नव्हता. तुम्ही गेला होता का त्या माथ्यावर?"

खोलीत फक्त कूलरचा आवाज. वहिनींनी ताकाचे ग्लास भरायला घेतले. भाऊसाहेबांनी रिमोट खाली ठेवला, थोडा विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "ते टूरमध्ये इन्क्लूड नव्हतं."

याला म्हणतात कसलेला सरकारी माणूस. नियमात नाही त्याची जबाबदारी नाही. उलट पुढच्या आठवड्यापासून ते २१८ मीटर कथनात आले, पण अशा थाटात की जणू हवामान बिघडल्यामुळे मोहीम थांबवावी लागली.

गुरुजींचाही नाद सुटेना. सकाळी फिरायच्या वेळी ते भाऊसाहेबांना गाठून शिकवू लागले. झिरो माईलचा खांब, तो चार घोड्यांचा, ज्याला आपण भारताचा मध्य समजून बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवतो, तो मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाचा. तिथला उंचीचा दगड १९०७ सालचा, समुद्रसपाटीपासून उंची १,०२० फूट. हे सर्वेक्षण ज्याने १८०२ साली मद्रासजवळ मापं घेऊन सुरू केलं, तो विल्यम लॅम्बटन हैदराबादेकडून नागपूरकडे येताना, १८२३च्या जानेवारीत, आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट. आणि त्याच सर्वेक्षणातल्या राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीतून १८५२मध्ये निघालं की 'पंधरा नंबरचं शिखर' जगात सगळ्यात उंच आहे. उंची भरली २९,००२ फूट.

गुरुजींचा हेतू भाऊसाहेबांना नम्र करण्याचा होता. परिणाम भलताच झाला. भाऊसाहेबांनी एवढंच घेतलं की जगातले डोंगर मोजायची पद्धत वर्धा जिल्ह्यातून गेलेली आहे, सबब डोंगरांवर बोलायचा पहिला हक्क वैदर्भीय माणसाचा. शिवाय नागपूर स्वतःच हजार फुटांवर. "म्हणजे मी जन्मापासून एक हजार वीस फूट चढलेलाच आहे ना, गुरुजी? पुणेकरांना काय सांगता, मुंबईकर तर अगदीच शून्यातून सुरू करून राहिले." गुरुजी त्या दिवसापासून फुटाळ्याच्या बाजूला फिरायला जातात.

तर्रीपोह्याच्या ठेल्यावर हे फार चालत नाही, हेही नोंदवलं पाहिजे. ठेलेवाल्याने एकदा सगळं ऐकून घेतलं, पोह्यांवर तर्री ओतली, चिवडा टाकला आणि विचारलं, "तिकडं वरतं पोहे भेटते का, भाऊ?"

"पोहे नाही भेटत. सूप भेटते. युंगफ्राउला तर 'बॉलिवूड' नावाचं हॉटेलच आहे, दाल-भात सगळं भेटते."

"दाल-भात? मंग येवढ्या दूर काऊन गेलते?"

भाऊसाहेबांनी पैसे दिले आणि जास्तीचा कांदा मागितला.

पण त्यांची खरी परीक्षा घरातच व्हायची होती. त्यांच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. वर्षातून दोनदा त्या सुटी घेतात, महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या सुमाराला. कुठे जातात, हे वहिनींना ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी कधी विचारलं नव्हतं, त्यांचा प्रश्न "पोळ्या कोण करणार" एवढाच असे. महाशिवरात्रीला मावशी पचमढीच्या महादेवाला जातात आणि चौरागडाच्या हजारावर पायऱ्या अनवाणी चढतात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. नवसाचा त्रिशूळ वर नेऊन वाहायचा असतो. माथ्यावर असे हजारो त्रिशूळ रोवलेले आहेत. नागपंचमीला नागद्वार. ती यात्रा भर पावसात, सातपुड्याच्या जंगलातून, निसरड्या दगडांवरून आणि लोखंडी शिड्यांवरून. रांगेत निम्म्याहून अधिक बोली आपल्याकडची ऐकू येते.

एकदा मावशी दिवाणखाना झाडता झाडता फोटोसमोर थांबल्या.

"लय मोठा पहाड दिसते जी. किती पायऱ्या हायेत?"

"पायऱ्या नाहीत, मावशी. केबल कार. डब्यात बसायचं, वर जायचं."

"हाव का?" मावशींनी फोटो फडक्याने पुसला. "मंग चढलं कोन?"

"कोण म्हणजे? मी."

"तुमी त बसले होते ना जी."

भाऊसाहेबांनी उंची सांगितली, बर्फ सांगितला, प्राणवायू सांगितला. मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "डोंगरगडले बी हाय तसला पाळणा. बमलेश्वरीच्या देवळात जाते. मी नाही बसली कदी. पाळण्यातून गेलं का देवी म्हन्ते, कोन आलं होतं बाई, मले त दिसलंच नाही." आणि त्या फरशी पुसायला लागल्या. त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. माहिती म्हणून सांगितलं, जसा आपण शेजाऱ्याला नळाची वेळ बदलल्याचं सांगतो.

त्या रात्री भाऊसाहेब माझ्याकडे आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौरागडाची उंची किती हो?" मी म्हटलं, धूपगडाहून थोडा कमी. त्यांना जरा बरं वाटलं.

मला विचाराल तर मी भाऊसाहेबांच्या बाजूचा आहे. बसून डोंगर चढणं हा काही नागपूरचा शोध नाही. १८७१ साली स्विस लोकांनी रिगीच्या डोंगरावर दातेरी रुळांची गाडी नेली, १८८९मध्ये पिलाटुसवर त्याहून तिरपी, १९१२मध्ये तर आयगर आणि म्योंख हे दोन डोंगर आतून पोखरून युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन काढलं. चालणारे होतेच, त्यांच्यासाठी हे कुणी केलं नाही. हे सगळं गुडघेदुखीवाल्यांसाठी, पोट सुटलेल्यांसाठी, आवक-जावक शाखेत आयुष्य गेलेल्यांसाठीच उभारलं आहे. मार्क ट्वेन तर १८८०च्या 'अ ट्रॅम्प अब्रॉड'मध्ये शामोनीतून माँ ब्लां दुर्बिणीने चढला: दुर्बीण वर जाणाऱ्या मंडळींवर लावली आणि मनाने त्यांच्याबरोबर माथा गाठला. भाऊसाहेब निदान सदेह गेले होते. आणि त्या तिकिटासाठी त्यांनी तीस वर्षांत प्रवासभत्त्यातून किती चहा वाचवले, ते मी बघितलं आहे. तीही एक चढणच होती, पण ती ते कधी सांगत नाहीत.

जिथे माझाही संयम सुटतो, ती जागा दुसरी. २०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतल्या पाच मुलामुलींनी एव्हरेस्ट सर केलं. 'मिशन शौर्य' असं त्या मोहिमेचं नाव. सगळ्या विदर्भाला भरून आलं, भाऊसाहेबांनाही आलं. पेपर मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज कापला, हे मी स्वतः ऐकलं. मग त्यांनी पेपरची घडी घातली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पोरांनी नाव काढलं. पण एक लक्षात घ्या, त्यांच्याबरोबर शेर्पा होते. माझ्याबरोबर कोण होतं? टूर मॅनेजर. आणि तोही खाली पिझ्झा खात बसला होता."

असो. भाऊसाहेबांचं राज्य ज्याने खालसा केलं तो माणूस या दोन्ही जातींतला नव्हता, भाविकही नाही आणि गिर्यारोहकही नाही. समोरच्या बंगल्यातले दातांचे डॉक्टर गेल्या दिवाळीत सहकुटुंब काश्मीरला गेले. गुलमर्गला गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, तेरा हजार फुटांच्या घरात. परत आल्यावर डॉक्टरांनी स्लाइड शो ठेवला नाही, मोठा फोटो लावला नाही. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली उंची लिहिली. बस्स. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली होती. तीन हजार फुटांचा फरक, आणि व्हिसा नाही, युरो नाही, चहाही आपलाच.

भाऊसाहेबांनी तीन दिवस ग्रुपवर सुप्रभातसुद्धा टाकलं नाही. चौथ्या दिवशी आले ते तयारी करून. त्यांचं म्हणणं असं: एक, ते आपल्याच देशात आहे. आपल्या देशात वर गेलं तर त्याला जाणं म्हणतात, चढणं म्हणत नाहीत. दोन, गुलमर्गची गाडी गोल फिरत नाही. तीन, डॉक्टर वयाने लहान आहेत. तिसऱ्या मुद्द्याला सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण तो निर्विवाद होता. पण भाऊसाहेबांना कळायचं ते कळलं. दिवाणखान्यातला फोटो अजून तिथेच आहे. त्याखालचा '१०,००० फूट' असा कागद तेवढा निघाला.

यंदा त्यांनी पुन्हा बुकिंग केलं आहे. त्सेरमाटला जाणार, तिथून केबल कारने क्लाइन मॅटरहॉर्न. ३,८८३ मीटर. केबल कार जाते असं युरोपातलं सगळ्यात उंच स्टेशन. टूरमध्ये इन्क्लूड आहे याची त्यांनी लेखी खात्री करून घेतली आहे. मार्चमध्ये एसीसमोर बसायचा कार्यक्रम ठरला आहे, आलेपाकाच्या वड्यांची ऑर्डर गेली आहे, वहिनींनी मोजे धुऊन वाळत घातले आहेत. हे स्टेशनसुद्धा गुलमर्गच्या वरच्या टप्प्यापेक्षा थोडं खालीच भरतं. कॉलनीत हे गुरुजींना ठाऊक आहे आणि मला. तुम्ही वाचलंत म्हणून तुम्हालाही कळलं. मे महिन्यात त्यांच्याकडे आमरसाला जाण्याचा योग आला, तर कृपा करून तेवढं बोलू नका.